वाड्याची तुळई, जिनाचं लोखंड

अचलपूर-अंजनगावकडे जुना वाडा पाडायला काढला, की भाव ठरतो तो सागवानाचा. मेळघाट जवळ असल्याने इथल्या बांधकामात सागवानाला तोटा नव्हता. लोखंडाची गोष्ट कापसापासून सुरू होते. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, वऱ्हाडी कापसाचा भाव चढला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पुढे अकोला-अमरावतीकडे कापसाच्या जिन-प्रेस उभ्या राहिल्या. आज वाडे पडतात, जुन्या जिनांची लोखंडी छपरं भंगारात निघतात. फर्निचर करणाऱ्याला हा दुहेरी माल आहे.

पण नव्या लाकडासारखं आधी चित्र काढून मग माल शोधायला गेलात, तर फसाल. तुळई किती लांब, जुनी खाच कुठे, कीड किती आत गेली, हे बघून टेबलाचं माप ठरतं. रंधा लावण्याआधी वाढई लोहचुंबक फिरवतो. आत दडलेला एक खिळा पात्याची वाट लावतो. कडेचं पांढरं लाकूड बहुधा भुंग्याने पोखरलेलं असतं, ते तासून टाकावं. आतला गाभा मात्र अजूनही घट्ट, तेलकट निघतो.

पाय लोखंडाचे करण्यात शहाणपण आहे. चांगलं लाकूड वरच्या फळीसाठी वाचतं आणि पाय बारीक असूनही भार पेलतात. खरी गोम जोडात आहे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, जुलैत हवा ओली होते. दोन फूट रुंद सागवानी फळी एवढ्यात तीन ते पाच मिलिमीटर फुगू शकते. पावसाळ्यात अडकणारं कवाड आठवा. लोखंड ओलाव्याने फुगत नाही. फळी चारी बाजूंनी आवळली तर ती फाटणारच. म्हणून लोखंडी पट्टीतली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट पाडायची, स्क्रूखाली वायसर द्यायचा आणि फळीला सरकायला जागा ठेवायची. वेल्डिंग घासून रेड ऑक्साईड मारायचा, मगच रंग.

खिळ्याची भोकं, जुन्या खाचा इपॉक्सी ओतून गुळगुळीत करणं मला पटत नाही. तसंच हवं असेल तर सनमायका स्वस्त पडतो. कडीपाटाच्या फळ्यांची उत्तम बंगई होते. मात्र झोपाळ्याच्या कड्या स्लॅबमध्ये नीट रोवल्यात का, ते आधी बघा.

नक्षीदार खांब कापून त्याचे स्टूल करू नका, तो अख्खाच वापरा. आणि जुनं सागवान दुसऱ्या गावी न्यायचं असेल, तर गाडी भरण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करा.