आजींना घोड्यावर बसवावे काय?

पाथर्डीकडची मंडळी चारधाम यात्रेची तयारी करू लागली की घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो. गौरीकुंडापासून केदारनाथापर्यंतची सुमारे १६ किलोमीटरची चढण आजींना पायी झेपणार नाही. मग त्यांना घोड्यावर बसवावे काय? या प्रश्नाचे उत्तर बहुधा वयाकडे पाहून दिले जाते. पाठीच्या दृष्टीने मात्र वयाइतकेच महत्त्व घोड्याच्या चालीला आहे.

घोडा संथपणे चालतो तेव्हा त्याचे चारही पाय एकामागून एक पडतात आणि किमान दोन खूर सदैव जमिनीवर असतात. स्वाराचे शरीर उसळत नाही. आपण स्वतः चालताना कंबर झुलते, जवळजवळ तशीच ती झुलत राहते. दुडक्या चालीत पुढचा उजवा व मागचा डावा अशी तिरकस जोडी एकदम पडते आणि दोन पावलांच्या मध्ये क्षणभर चारही खूर अधांतरी असतात. पुढच्या पावलाचा धक्का खोगिरातून थेट मणक्यांवर येतो. सराईत स्वार रिकिबीत उठबस करून तो चुकवतो. प्रथमच बसलेल्या वृद्धास ते साधत नाही, आणि हाडे ठिसूळ झाली असतील तर अशा दणक्यांनी मणका दबून मोडण्याचे भय असते.

जाणत्यांना हा भेद पूर्वापार ठाऊक आहे. मढीच्या कानिफनाथ यात्रेतील गाढवांच्या बाजारात पारख होते ती ओझे वाहण्याच्या ताकदीची. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मात्र ‘रेवाल’ चालीचा घोडा मुद्दाम शोधला जातो, म्हणजे पारख होते ती बसणाऱ्याच्या सुखाची! मारवाडी व काठियावाडी घोड्यांत आढळणाऱ्या या चालीत वेग असूनही पाय सुटेसुटे पडतात आणि दुडकीतली उसळी जाणवत नाही. आइसलँडच्या घोड्यांची ‘टोल्ट’ ही चाल याच धर्तीची. अशा जादा चालींमागे एका जनुकातील बदल असल्याचे स्वीडनमधील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले.

यात्रेच्या वाटेवर मात्र रेवाल घोड्याची आशा धरू नये. तेथे तट्टू किंवा खेचर मिळते, आणि त्याची संथ चाल एवढाच काय तो सुखाचा मार्ग. म्हणून पैसे ठरवतानाच घोडेवाल्याला सांगावे, ‘दादा, पायी चालत दोरी हाती धरा, घोडा पळवू नका.’ माथेरानसारख्या ठिकाणी आणखी एक सावधगिरी हवी. घोडा हा कळपातला प्राणी आहे. नातवाने हौसेने आपला घोडा पळवला की मागून आजोबांचा घोडाही धावू लागतो. दोघांना एकत्र पाठवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चढण्या-उतरण्याच्या वेळी विशेष जपावे लागते. उंच ओट्यावरून चढावे आणि खोगीर फिरू नये म्हणून दुसऱ्या बाजूची रिकीब कोणीतरी दाबून धरावी. रिकिबीत पाऊल अर्धेच ठेवावे. चढणीला किंचित पुढे व उतारावर मागे झुकावे. उतरल्यावर पाय बधिर झालेले असतात. दोन मिनिटे आधार धरून उभे राहावे, मगच पाऊल टाकावे.

खुब्याचा सांधा बदललेला असेल, पूर्वी मणका मोडला असेल, घेरी येत असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून घोड्यावर बसू नये. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून उंच आहे आणि तेथील विरळ हवा घोड्यावरच्या माणसालाही तितकीच जाचते. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी ही तपासणी निघण्यापूर्वीच करून घ्यावी. चढण घोड्यावर सोसली तरी उताराला पाठ फार आंबते. त्यामुळे येताना डोलीचा खर्च आधीच हिशेबात धरून ठेवावा.