घरी मराठी, शाळेत हिंदी : पांढुर्णा जिल्ह्यातल्या शाळांचा कारभार चालतो तरी कसा?

पांढुर्णा/सौंसर : ‘शाळा’ हा शब्द पहिलीतल्या पोराला शाळेत शिकवलेल्या अक्षरांतून लिहिता येत नाही. हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ शिकवतच नाहीत. घरी ‘शिक्षा’ म्हणजे मार, शाळेत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठी बोलणाऱ्या घरातलं पोर सरकारी शाळेत पाय ठेवतं ते असं.

याचं मूळ १९५६ मध्ये आहे. तोवर मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत पांढुर्णा, सौंसरही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. कलेक्टरला भेटायला आता छिंदवाड्याला जावं लागत नाही. शाळेची भाषा मात्र तीच आहे.

कोण काय पाहतं?

पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी माध्यमिक, नंतर हायस्कूल आणि हायर सेकंडरी. महाराष्ट्रात ‘माध्यमिक’ म्हटलं की नववी-दहावी डोळ्यासमोर येते, इथं तसं नाही. वरूड-नरखेडच्या सोयऱ्यांशी बोलताना हा घोळ नेहमीच होतो.

आठवीपर्यंतचं काम राज्य शिक्षा केंद्राकडे आहे. शाळांच्या गटाला जनशिक्षक, ब्लॉकला बीआरसी आणि जिल्ह्याला डीपीसी, अशी त्याची साखळी. नववीपासून लोक शिक्षण संचालनालय पाहतं, जिल्ह्यात त्याचे अधिकारी म्हणजे डीईओ. दहावी-बारावीची परीक्षा भोपाळचं माध्यमिक शिक्षा मंडळ घेतं. मंडळाच्या भाषा विषयांत मराठीही आहे. पण यादीत नाव असणं वेगळं आणि शाळेत शिकवायला मास्तर असणं वेगळं.

कायदा काय म्हणतो?

संविधानाच्या कलम ३५०-अ नुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्यानं सोय करायची आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही मातृभाषेचं नाव घेतो, पण ‘शक्य असेल तिथवर’ अशी पाचर मारून. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत मातृभाषा हवी असं म्हटलंय, तिथंही ‘शक्य असेल तिथं’ आहेच.

मग शक्य कधी होतं? १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक निकष ठरला. एका वर्गात १० किंवा पूर्ण शाळेत ४० मुलं त्या भाषेची असली, तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. हा कायदा नाही, पण मागणी करताना हाताशी धरता येईल असा आकडा आहे.

आकडा येतो कुठून?

शाळेच्या नोंदीतून. प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती यूडायस पोर्टलवर भरली जाते, त्यात मातृभाषेचा रकाना असतो. तिथं घाईत ‘हिंदी’ पडलं, तर घरी कितीही मराठी बोला, कागदावर ते पोर हिंदी भाषक ठरतं. अशी दहा पोरं कागदावरून गेली की मराठीच्या मास्तरची मागणी तिथंच संपते.

म्हणून दाखला घेताना फॉर्ममधला हा रकाना पालकांनी स्वतः पाहावा. चूक असेल तर हेडमास्तरांना लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावी. दुसरी जागा म्हणजे शाळा प्रबंधन समिती. कायद्यानं तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तिथं ठराव घेऊन मुलांच्या संख्येसह तो जनशिक्षक, बीआरसी यांच्यामार्फत वर पाठवता येतो.

जिल्ह्यात सगळ्यांचीच घरची भाषा मराठी नाही. गोंडी बोलणारी घरं आहेत, पवारी बोलणारी आहेत. त्यांच्या रकान्यातही त्यांचीच भाषा यायला हवी. मराठी मागताना गोंडीवर हिंदी लिहिलेली चालते, असं कसं म्हणता येईल?

हिंदी शिकण्याला कोणाचा विरोध नाही. नोकरी, परीक्षा, कचेरी सगळं तिच्यातच आहे. प्रश्न पहिल्या दोन-तीन वर्षांचा आहे. त्या वयात पोराला मास्तर काय म्हणतात तेच कळलं नाही, तर ते मागे पडतं आणि ठपका त्याच्या बुद्धीवर येतो.