भिंतीवर चित्र टाकायचंय? आधी अंधार मोजा

समजा, चंद्रपूरच्या जटपुरा गेटवर रात्री चित्रं दाखवायची आहेत. पहिला प्रश्न हमखास येतो, 'किती ल्युमेनचा प्रोजेक्टर घ्यावा?' प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा. उरलेला अर्धा भिंतीपाशी असतो.

ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो भिंतीवर पसरला की दर चौरस मीटरला जेवढा वाट्याला येतो, तो लक्स. चित्र १० मीटर रुंद आणि ६ मीटर उंच असेल तर क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. ६००० ल्युमेनचा प्रोजेक्टर तिथे १०० लक्स देतो. साधा भागाकार.

आता गंमत बघा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातलं काळं म्हणजे जिथे तो उजेड टाकत नाही, ती जागा. तिथे दिसते नुसती भिंत, आणि भिंतीवर पडलेला रस्त्यावरचा उजेड. हा उजेड २० लक्स धरला, तर चित्राचा पांढरा भाग १२० आणि काळा भाग २०. फरक फक्त सहापट. चित्र धुतल्यासारखं दिसणार.

तेच चित्र भामरागड तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या भिंतीवर टाका. रस्त्यावर दिवा नाही, वर पौर्णिमेचा चंद्र. चांदण्याचा उजेड जास्तीत जास्त पाव लक्स. इथे ३००० ल्युमेनचा साधा प्रोजेक्टरही ५० लक्स देतो, म्हणजे हिशेबाने फरक दोनशेपट. प्रोजेक्टरचा स्वतःचा थोडा उजेड काळ्या भागात गळतो, म्हणून प्रत्यक्षात तो कमी भरेल. तरी शहरातल्या चित्रापेक्षा कितीतरी ठसठशीत.

हाच दोनशेपट फरक २० लक्सच्या चौकात हवा असेल तर? सुमारे २,४०,००० ल्युमेन लागतील! त्यापेक्षा परवानगी घेऊन समोरचे दिवे तेवढ्या वेळापुरते बंद करणं स्वस्त. उजेड २० वरून २ लक्सवर आला, की तोच ६००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पन्नासपट फरक दाखवतो.

मग दगडाचं काय? चुन्याची भिंत साधारण ७०-८० टक्के उजेड परत पाठवते, जुना काळवंडलेला दगड २०-३० टक्के. दगडावर चित्र मंद दिसतं, पण काळ्या-पांढऱ्यातला फरक तेवढाच राहतो. कारण दगड प्रोजेक्टरचा उजेड जसा गिळतो, तसाच रस्त्यावरचाही गिळतो. त्यामुळे गोंडकालीन दगडाला हात लावायची गरज नाही. चित्रच ठळक रेषांचं आणि काळ्या पार्श्वभूमीचं निवडा. चौकटीच्या कडाही दिसणार नाहीत.

खरेदीच्या वेळी आणखी चार गोष्टी पाहा.

थ्रो रेशो: अंतर भागिले चित्राची रुंदी. १.५ असेल तर १० मीटर रुंद चित्रासाठी १५ मीटर मागे जावं लागतं. जटपुरा गेटसमोर ती जागा वाहतुकीची. तिथे ०.८ वाला बरा, ८ मीटरवर भागतं.

ल्युमेनचा आकडा: तो आन्सी किंवा आयएसओ पद्धतीने मोजलेला हवा. स्वस्त खोक्यांवरचे आकडे बरेचदा फुगवलेले असतात.

दिवा: लेझरवाला घ्या. जुन्या पद्धतीचा दिवा तापलेला असताना वीज गेली, पंखा थांबला, की त्याचं आयुष्य घटतं.

तापमान: बहुतेक प्रोजेक्टर ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. मे महिन्यात आपल्याकडे दिवसा पारा ४५ च्या पुढे जातो आणि भिंती रात्रीही तापलेल्या असतात. पावसाळ्यात झोताभोवती किड्यांचे थवे. दिवाळीनंतर, म्हणजे झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात तेव्हा, हवा थंड आणि अंधारही लवकर. जंगलाच्या कडेला असाल तर झोत झाडांवर जाऊ देऊ नका आणि कार्यक्रम लवकर आटपा.

दुकानात जाण्याआधी एका रात्री, कार्यक्रमाच्याच वेळी, लक्समीटर घेऊन भिंतीपाशी जा. मीटर भिंतीला टेकवून तोंड रस्त्याकडे करा. जो आकडा येईल त्याच्या पन्नासपट लक्स धरा आणि चित्राच्या क्षेत्रफळाने गुणा. उत्तर ल्युमेनमध्ये मिळेल. ते खिशाला झेपत नसेल तर चित्र लहान करा किंवा जास्त अंधारी भिंत शोधा. गडचिरोलीत तशा भिंती भरपूर आहेत.