मुंबई–पुणे लोहमार्गावर एक केस

चला, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून पुण्याची गाडी पकडू. लोहमार्गाने अंतर १९२ किलोमीटर. कर्जतला वडापाव खायचा, घाटातले बोगदे मोजायचे, लोणावळ्याला चिक्की घ्यायची आणि सगळा वेळ खिडकीतून रुळावर नजर ठेवायची. कारण या १९२ किलोमीटरांत कुठेतरी रुळावर एक केस आडवा पडलाय, आणि त्या केसाने जेवढा रूळ झाकलाय तेवढाच आपल्याला शोधायचा आहे. केसाची लांबी नव्हे, जाडी! मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा!

हे माप आहे आपल्या रोजच्या दुधाचं. जनावराच्या चाऱ्यात किंवा पेंडीत बुरशीचं विष असलं की त्यातलं थोडं दुधात उतरतं. त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन एम-१. भारतातली मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात अर्धा भाग. मुंबई–पुणे अंतरात तो एक केस, बस!

आता रूळ सोडून विहिरीकडे या. वीस फूट रुंद विहीर, तळापासून तीस फूट पाणी. झालं अडीच लाख लिटर. पाण्याऐवजी ती काठोकाठ दुधाने भरा. आपल्या मर्यादेत बसायचं तर त्या अख्ख्या विहिरीत या विषाचे फक्त अडीच थेंब चालतील. युरोपची मर्यादा तर याच्याही दहापट कडक. तिथल्या मापाने अशा चार विहिरी दुधाने भरायच्या आणि चारींत मिळून एक थेंब! दहा लाख लिटरांत एक थेंब, आणि प्रयोगशाळेतलं यंत्र तो हुडकून काढतं.

इतकं कमी, मग काळजी कसली? थांबा, तोच आकडा उलटा धरून पाहू. त्या मर्यादेतल्या दुधाचा एक पेला घ्या, २०० मिलिलिटरचा. त्यात विषाचे रेणू किती? सुमारे १८० लाख कोटी! १४० कोटी भारतीयांना सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा लाखाहून जास्त येतील. एका पेल्यातून!

दुधावरून आता चिक्कीकडे वळू, कारण या विषाची कथा शेंगदाण्यापासूनच सुरू झाली. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्लं पटापट मरू लागली आणि आकडा एक लाखाच्या पुढे गेला. धागा पोचला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत, आणि पेंडीतल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीपर्यंत. त्या बुरशीच्या नावातूनच ‘अफ्लाटॉक्सिन’ हा शब्द घडला. शिजवून हे विष पुरतं जात नाही. प्रेशर कुकर १२० अंशांच्या आसपास थांबतो आणि या विषाला नुसतं वितळायलाच अडीचशेहून जास्त अंश लागतात.

भारतात खायला तयार शेंगदाण्याची मर्यादा अब्जात दहा भाग. मुंबई–पुणे रुळावर दोन मिलिमीटरही नाही, मोहरीचा एक दाणा म्हणा. रुपयांत सांगायचं तर शंभर कोटींच्या ढिगात दहा रुपयांची एक नोट. आता मालगाडी भरू. ४२ वाघिणी, प्रत्येकीत ६० टन, एकूण २५ लाख किलोंहून जास्त माल. अब्जात दहा या मापाने त्या संपूर्ण मालगाडीत विष किती? २५ ग्रॅम! चहाचे पाच चमचे. फलाटाच्या एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे शेवटची वाघीण, आणि विष मावलं तुमच्या मुठीत.

पण ते मालगाडीभर सारखं पसरलेलं नसतं, आणि खरी थरारक गोष्ट इथेच आहे. एकेक दाणा वेगळा तपासला तेव्हा काही दाण्यांत अब्जात दहा लाख भागांहूनही जास्त विष सापडलं. हिशेब करू. अर्ध्या ग्रॅमचा असा एक दाणा, त्यात विष अर्धा मिलिग्रॅम. तो दाणा पन्नास किलोंच्या पोत्यात पडला की बाकीचा माल चोख असला तरी सगळं पोतं मर्यादेच्या काठावर! पन्नास किलोंत दाणे एक लाख. वानखेडे स्टेडियम तीनदा खच्चून भरा, आणि त्या तीन गर्दींमधला एकच माणूस शोधा. पोत्यातून मूठभर नमुना काढून तो हाती लागेल का? म्हणून तर सुपात दाणे निवडताना आजी सुरकुतलेला, काळवंडलेला, बुरशी धरलेला दाणा बाजूला काढते, त्या एका हालचालीला केवढं मोल आहे!

मग शास्त्रज्ञांनी पोतं सोडलं आणि माणूस तपासायला घेतला. खाल्लेलं सगळं शेवटी एकाच ठिकाणी मिसळतं, शरीरात. लघवीत गेल्या एक-दोन दिवसांचा हिशेब सापडतो. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला विष चिकटून बसतं, त्यामुळे तिथे गेल्या दोन-तीन महिन्यांचं खातं उघडतं. मोजमाप कशात? एक मिलिग्रॅम अल्ब्युमिनमागे किती पिकोग्रॅम, म्हणजे पुन्हा अब्जात किती भाग. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग!

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन आणि टोगो या देशांत मका आणि शेंगदाणा रोजच्या ताटात असतो. तिथल्या नऊ महिने ते पाच वर्षांच्या ४८० मुलांचं रक्त तपासलं आणि २००२ साली आकडे प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ९९ मुलांच्या रक्तात विष! सरासरी ३२.८ पिकोग्रॅम. आपल्या रुळावर सहा मिलिमीटर, हरभऱ्याएवढं. आणि सगळ्यात वरचा आकडा १०६४. म्हणजे रुळावर जवळजवळ वीतभर! एका लेकराच्या रक्तात! ज्यांच्या रक्तात विष जास्त, ती मुलं वाढीत मागे पडलेली दिसली.

वीतभरावरून हातभर, हातभरावरून पुरुषभर जायला वेळ लागत नाही. २००४ साली केनियात काही मक्यात सापडलेला आकडा होता अब्जात ४,४००. रुळावर चौऱ्याऐंशी सेंटिमीटर, एक लांब पाऊल. ३१७ माणसं आजारी पडली, १२५ दगावली. आणि आपल्या शेजारी, १९७४ साली, राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवेळी पावसाने भिजलेल्या मक्यात हा आकडा १५,६०० पर्यंत चढला. मोहरीच्या दाण्याजागी तीन मीटर रूळ! ३९७ आजारी, १०६ मृत्यू. रोज पोटात जाणारं विष दोन ते सहा मिलिग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त तांदळाच्या एका दाण्याचा तिसरा हिस्सा. तेवढ्याने घरंच्या घरं उजाड झाली.

आता शांघायला जाऊ. १९८६ ते १९८९ या काळात तिथल्या १८,२४४ पुरुषांच्या लघवीचे नमुने जपून ठेवले आणि पुढे वाट पाहिली. ज्यांच्या नमुन्यात हे विष होतं, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका तिपटीहून जास्त. ज्यांना हिपॅटायटिस बी होता, त्यांना सातपटीहून जास्त. आणि ज्यांच्यात दोन्ही होतं, त्यांना? एकोणसाठपट!

एवढी उलथापालथ होते कशाने? माणसाच्या डीएनएत तीन अब्जांहून जास्त अक्षरं. एकेक अक्षर एक मिलिमीटर धरून मांडली तर मुंबई–पुणे जाऊन-येऊन आठ फेऱ्या होतील. त्या आठ फेऱ्यांत, पी-५३ नावाच्या जनुकात, २४९ या क्रमांकाच्या जागी हे विष एक अक्षर बदलून जातं. ‘जी’च्या जागी ‘टी’. तीन हजार किलोमीटरांत एक मिलिमीटर! आणि शास्त्रज्ञांनी ते बदललेलं अक्षर रुग्णांच्या रक्तात तरंगणाऱ्या डीएनएत वाचून दाखवलं.

पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो आकडा लहान होत गेलेला आहे. यांगत्झी नदीच्या मुखाशी चिदोंग नावाचा भाग आहे, यकृताच्या कर्करोगाने पोळलेला. तिथे लोकांच्या ताटातला मका मागे पडला आणि तांदूळ आला. जपून ठेवलेलं रक्त तपासत गेले, तेव्हा १९८९ सालचा मधला आकडा निघाला १९.३ पिकोग्रॅम. रुळावर पावणेचार मिलिमीटर, ज्वारीचा दाणा. २००९ साली तो आला अर्ध्या पिकोग्रॅमच्याही खाली. यकृताच्या कर्करोगाचे मृत्यूही उतरले. वीस वर्षांत, ताटातलं धान्य बदलल्यामुळे, तिथल्या माणसांच्या रक्तातला ज्वारीचा दाणा झिजत झिजत त्या एका केसाहून बारीक झाला. १९२ किलोमीटरांच्या रुळावर तो केस शोधायचा तो याचसाठी!