कापसाच्या मुलखातली सायकलवाट

आजचं बोलणं सायकलीबद्दल आहे, पण सायकल कोणती घ्यावी याबद्दल नाही. सायकल आता बऱ्याच घरांत आहे. मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले अनेक तालुके त्यात आहेत. आपला आहे का, ते शाळेत विचारून घ्या. अडतं ते रस्त्यावर. पोरगी आठवीत जाते, हायस्कूल चार किलोमीटरवर असतं, एसटीची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही, आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं, "त्या रस्त्यानं नको, ट्रक भरधाव येतात." ते खोटं बोलत नसतं. पण बोलणं तिथेच थांबतं आणि पोरीची शाळाही तिथेच थांबते. म्हणून दुसरा रस्ता कसा शोधायचा, ते आज पाहू.

आधी एक साधा हिशेब. पायी माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतं. नवशिकी पोरगीसुद्धा सायकलीवर दहा-बारा सहज जाते. म्हणजे मोठ्या सडकेनं शाळा चार किलोमीटर असेल आणि आतल्या गावावरून सहा, तर आतल्या वाटेनं दहा-बारा मिनिटं जास्त लागतात, एवढंच. आपल्याकडे जवळचा रस्ता तो चांगला असं धरतात. पायी जाताना ते खरं. सायकलीला तो नियम लावू नये. दहा मिनिटं आधी निघणं परवडतं, ट्रकशेजारून जाणं परवडत नाही.

बिहार सरकारनं २००६ साली नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा त्या वयाच्या मुलींचं शाळेत असण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. जास्त फायदा झाला तो हायस्कूल तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. आपल्या पोडांवरून, तांड्यांवरून, ढाण्यांवरून शाळा किती लांब आहे ते तुम्हांला सांगायला नको.

आता रस्ता ओळखायचा कसा? किलोमीटरच्या दगडाकडे बघा. दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्य मार्ग. काळा किंवा निळा असेल तर साधारणपणे जिल्हा मार्ग. केशरी माथा म्हणजे गावरस्ता, बहुतेक प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. जुन्या दगडांचा रंग उडालेला असतो, तेव्हा दगडावरच विसंबू नका, पण अंदाज येतो. सायकलीला केशरी सगळ्यांत बरा, त्याखालोखाल जिल्हा मार्ग. पिवळ्यावर शाळकरी पोर एकटं घालूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे दोन पिवळे मोठे: एक पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जाणारा ४४ क्रमांकाचा, दुसरा वर्धा, कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा नांदेडकडे जाणारा. नवा गुळगुळीत रस्ता पाहून सायकल घालावीशी वाटते, पण गुळगुळीत असतो म्हणूनच गाड्या तिथे वेग घेतात.

रंगानं सगळं कळत नाही. रस्त्यावरून काय वाहून नेतात तेही बघा. वणीकडे कोळशाचे ट्रक, मुकुटबनकडे सिमेंटचे, म्हणून तिथला लहान रस्ताही शांत असेलच असं नाही. पुसद-उमरखेडकडे गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या. बाकी सगळीकडे दिवाळीनंतर कापूस. जिनिंगकडे जाणाऱ्या गाडीत गाठोडी अशी फुगलेली असतात, की मागचं ड्रायव्हरला दिसत नाही आणि बाजूला दोन-दोन हात माल बाहेर आलेला असतो. म्हणून जुलैत शांत वाटलेला रस्ता डिसेंबरात पुन्हा तपासावा लागतो. जिनिंगची वाट टाळून एखादी वाट मिळते का, ते कापूस नेणाऱ्या आपल्याच माणसाला विचारा. त्याला प्रत्येक वळण ठाऊक असतं.

पांदणीचं काय, असं बायका नेहमी विचारतात. पांदण सर्वांत शांत, हे खरं, पण ती आठ महिन्यांची वाट. आपली काळी माती ओली झाली की चाकाला लागते, मडगार्डमध्ये बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग सायकल खांद्यावर. उन्हाळ्यात त्याच पांदणीवर बाभळीचा काटा. पावसाळ्यात डांबरी आणि कोरड्या दिवसांत पांदण, अशा दोन वाटा ठरवून ठेवलेल्या बऱ्या. डांबरीवरही नाल्याचा रपटा असेल तर एक गोष्ट पक्की सांगून ठेवा: रपट्यावरून पाणी वाहत असेल तर सायकल धरूनसुद्धा उतरायचं नाही. त्या दिवशी शाळा बुडली तरी चालेल.

पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यातल्या मैत्रिणींसाठी वेगळं सांगतो. २०१८ सालची वाघीण तिथल्या बाया विसरलेल्या नाहीत, आणि टिपेश्वरचं जंगल जवळच आहे. बाकी जिल्ह्यात आम्ही म्हणू, उन्हाळ्यात सहाच्या आत निघा, कारण पारा ४४-४५ पर्यंत जातो. त्या पट्ट्यात मात्र पुरतं उजाडल्याशिवाय निघू नका, दिवेलागणीनंतर नको, आणि दोघी-तिघी मिळून बोलत जा.

चढाचंही ध्यानात ठेवा. यवतमाळ शहर माळावर, चांगलं उंचावर आहे. शहरातून निघताना सायकल आपोआप पळते आणि परत येताना पाय भरतात. जाताना लागलेल्या वेळेवरून येतानाची वेळ ठरवू नका. चढावर उतरून सायकल ढकलण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता चालवण्याबद्दल. ग्रामसडकेचं डांबर बहुतेक पावणेचार मीटर रुंद असतं. एक ट्रॅक्टर त्यात मावतो, ट्रॅक्टर आणि सायकल आरामात मावत नाहीत. त्यात डांबराची कड खचलेली असते. चालत्या सायकलीचं चाक त्या कडेवरून खाली घसरलं की पुन्हा वर चढताना ते अडकतं आणि पोर रस्त्याच्या आतल्या बाजूला, गाडीसमोर पडतं. म्हणून घाईनं बाजूला वळायचं नाही. मागून आवाज आला की हळू व्हायचं, थांबायचं, डावा पाय साइडपट्टीवर टेकवायचा, गाडी जाऊ द्यायची, मग निघायचं. एरवीही अगदी कडेला चिकटून चालवू नये, हातभर डांबर डावीकडे सुटलेलं असावं. ओढणी कमरेला गाठ मारून, साडीचा पदर खोचून, चेनला कव्हर. सीट एवढ्या उंचीवर, की बसल्या बसल्या पायाचे चवडे जमिनीला टेकतील. शेतावरचं कुत्रं मागं लागलं तर पळवू नका, उतरून सायकल मध्ये धरा, बहुतेक कुत्री तिथेच थांबतात.

फ्रान्समध्ये द्राक्षाच्या मुलखात लोक नुसते फिरायला म्हणून सायकल घेऊन जातात, हे ऐकून तुम्ही हसाल. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. बोर्दो शहराजवळ एक जुना रेल्वेमार्ग बंद पडला, त्याच्या जागेवर त्यांनी पन्नासेक किलोमीटरची फक्त सायकलींची वाट केली. १९३७ ची तूर द फ्रान्स ही मोठी शर्यत जिंकलेल्या रोजे लापेबी यांचं नाव तिला दिलं आहे. रेल्वेला चढ-उतार कमी लागतात, म्हणून अशी वाट म्हाताऱ्यांना आणि पोरांनाही जमते. आपली शकुंतला यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जायची, तीही आता बंद आहे. तिची जागा रेल्वेची आहे आणि मोठी लाइन व्हावी ही लोकांची मागणी आहे. ती लाइन व्हावीच, आमचंही तेच म्हणणं. फक्त तिच्या बाजूनं सायकलीला तीन हात जागा ठेवा, असं म्हणायला आतापासून काय हरकत आहे?

ते होईल तेव्हा होईल. हातातलं काम जवळ आहे. ग्रामसडकेच्या सुरुवातीला फलक असतो, त्यावर ठेकेदाराचं नाव आणि काम पूर्ण झाल्याची तारीख असते. काम झाल्यापासून पाच वर्षं त्या रस्त्याची देखभाल ठेकेदाराकडेच असते. खड्डा, खचलेली साइडपट्टी, वळणावर वाढलेली बेशरम आणि वेडी बाभूळ, हे त्या देखभालीत मागता येतं. फलकाचा फोटो काढून ग्रामसभेत अर्ज द्या आणि पोच घ्या. पाच वर्षं उलटली असतील, किंवा साधा ग्रामीण मार्ग असेल, तर अर्ज जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. "रस्ता खराब आहे" असं मोघम लिहू नका. कोणत्या किलोमीटरला, कोणाच्या शेतासमोर, आणि तिथून किती मुली रोज जातात, ते लिहा. मुलींचा आकडा घातला की तो अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधीच्या एका रविवारी आईनं किंवा मोठ्या बहिणीनं पोरीबरोबर ठरवलेल्या वाटेनं एकदा जाऊन यावं, शाळेच्याच वेळेला. आईला सायकल येत नसेल तर मागं बसावं, किंवा त्याच दिवशी शिकायला लागावं. वाटेत पाण्याची जागा कोणती, थांबायला ओळखीचं घर कोणतं, पंक्चरवाला कुठल्या गावात, हे तिला दाखवून ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला की तीच फेरी पुन्हा मारा, कारण रपटा आणि चिखल कुठे आडवा येतो ते तेव्हाच कळतं.