लँडो सांधा

लँडो सांधा हा घोडागाडीचा घडीचा टप उभा धरून ठेवणारा, मधोमध बिजागरी असलेला लोखंडी टेकू होय. टपाच्या दोन्ही बाजूंना बाहेरून असा एकेक सांधा बसवलेला असतो. टप उघडताना त्याचे दोन्ही भाग ताठ होऊन एका सरळ टेकूसारखे काम करतात. टप मिटताना तेच भाग मनगटाजवळ आणलेल्या खांद्याप्रमाणे कोपरात दुमडतात. म्हणून त्याला कोपर-सांधा असेही म्हणता येईल. हा टेकू अनेकदा इंग्रजी 'एस' अक्षराच्या आकाराचा घडवत. पुढे मोटारगाड्या, बाबागाड्या आणि शववाहिका यांवरही तो दिसू लागला. आज अनेक वाहनांवर दिसणारी 'एस' आकाराची पट्टी मात्र केवळ शोभेची असते; तिला बिजागरी नसते आणि तिच्यावर कोणताही भार नसतो.

नाव

जर्मनीतील ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेट राज्यात लांडाउ नावाचे शहर आहे. या शहराच्या नावावरून एका चारचाकी घोडागाडीला लँडो हे नाव पडले. या गाडीत समोरासमोर दोन आसने असतात आणि प्रत्येक आसनावर स्वतंत्र घडीचा टप असतो. दोन्ही टप उभे केले की ते माथ्यावर मध्यभागी एकमेकांना मिळतात व गाडी पूर्ण बंद होते. दोन्ही मिटले की गाडी पूर्ण उघडी होते. अठराव्या शतकात ही गाडी युरोपात प्रचारात आली. फक्त मागील आसनावरच घडीचा टप असलेल्या लहान प्रकाराला लँडोलेट म्हणतात.

घडीचे टप केवळ लँडोलाच असत असे नाही. बरूश, कॅलेश, फेटन, व्हिक्टोरिया या गाड्यांनाही ते असत आणि त्यांच्या टपांनाही याच तत्त्वाचे टेकू लागत. तरीही या भागाला लँडोचे नाव चिकटले ते कायमचेच. मोटारींच्या काळात इंग्लंडमध्ये त्याला बाबागाडीच्या नावावरूनही ओळखत, कारण तेथील घरोघरच्या बाबागाड्यांना तसाच सांधा असे.

टपाची रचना

सांध्याचे काम समजण्यासाठी आधी टपाची रचना पाहणे आवश्यक आहे. टपाचा सांगाडा तीन-चार कमानींचा असतो. या कमानी ॲश वृक्षाचे लाकूड वाफवून, वाकवून तयार करत. प्रत्येक कमानीची दोन टोके लोखंडी पट्ट्यांना जोडलेली असतात आणि या पट्ट्या गाडीच्या कडेवर एकाच खिळीभोवती किंवा जवळजवळच्या खिळींभोवती फिरतात. त्यामुळे कमानी हातपंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरतात व मिटतात. कमानींवर चामडे किंवा मेण चढवलेले जाड कापड ताणून बसवलेले असते.

चामडे कमानींना मागे खेचत असते आणि समोरच्या कमानीला पुढे ढकलून धरणारे काही नसेल, तर संपूर्ण टप स्वतःच्या वजनाने व चामड्याच्या ताणाने मागे कोसळेल. समोरची कमान पुढे रेटून धरण्याचे हे काम लँडो सांधा करतो. त्याचे खालचे टोक गाडीच्या मागील बाजूस पक्के केलेल्या खिळीवर फिरते. वरचे टोक समोरच्या कमानीच्या पट्टीवरील खिळीवर फिरते. चामडे ताणाखाली असते, तर सांधा दाबाखाली असतो. टपाचा ताठपणा हा या दोन बलांच्या समतोलाचा परिणाम होय.

कार्यतत्त्व

सांध्यात एकूण तीन खिळी असतात: दोन टोकांना आणि एक मध्यभागी. मधल्या खिळीशी दोन्ही भागांना लहान खांदे घडवलेले असतात. सांधा सरळ रेषेच्या किंचित पलीकडे गेला की हे खांदे एकमेकांवर टेकतात आणि सांधा आणखी वाकत नाही. या खांद्यांना येथे थांबा असे म्हटले आहे.

टप उभा करताना गाडीवान आधी कमानी हाताने वर उचलतो आणि शेवटी सांध्याच्या कोपरावर दाब देतो. हा शेवटचा दाब थोडाच असला, तरी चामडे करकचून ताणले जाते. याचे कारण भूमितीत आहे. प्रत्येक भागाचा, दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेशी होणारा कोन जसजसा कमी होतो, तसतसे कोपरावरील दाबाचे टोकांवरील रेट्यात रूपांतर अधिकाधिक फायद्याचे होते. दोन्ही भाग सारख्या लांबीचे असतील, तर टोकांवरील रेटा हा कोपरावरील दाबाला त्या कोनाच्या स्पर्शिका-गुणोत्तराच्या दुपटीने भागून मिळतो. घर्षण सोडून दिले, तर कोपरावर ५० न्यूटन, म्हणजे सुमारे ५ किलोग्रॅम वजनाइतका दाब दिल्यास मिळणारा रेटा असा:

कोन ३० अंश असताना सुमारे ४३ न्यूटन
कोन १० अंश असताना सुमारे १४२ न्यूटन
कोन ५ अंश असताना सुमारे २८६ न्यूटन
कोन २ अंश असताना सुमारे ७१६ न्यूटन

या फायद्याची किंमत अंतराच्या रूपाने मोजावी लागते. प्रत्येक भाग ३०० मिलिमीटर लांबीचा धरला, तर कोन ५ अंशांपासून शून्यापर्यंत येताना कोपर सुमारे २६ मिलिमीटर सरकतो, पण टोकांमधील अंतर जेमतेम २.३ मिलिमीटरने वाढते. चामडे ताणायला एवढेच अंतर पुरते. म्हणूनच कमानी, चामडे आणि सांधा यांची मापे एकमेकांशी नेमकी जुळावी लागतात. सांधा थोडा आखूड झाल्यास टप ढिला राहतो. थोडा लांब झाल्यास तो सरळच होत नाही, किंवा जोर लावल्यास चामड्याची शिवण उसवते.

सांधा नेमका सरळ रेषेत आला, की तो अस्थिर असतो. खड्ड्यातील एका हादऱ्याने कोपर कोणत्याही बाजूला जाऊ शकतो. त्यामुळे तो या स्थितीच्या थोडा पलीकडे नेऊन थांब्यावर टेकवतात. आता चामड्याचा ताण कोपराला परत आणण्याऐवजी थांब्यावर अधिकच दाबतो. म्हणजे ज्या बलाने टप कोसळला असता, तेच बल त्याला कुलूप घालते. कडी, खिट्टी किंवा स्क्रू यांची गरज राहत नाही.

हे कुलूप उघडणेही सोपे असते. सांधा २ अंश पलीकडे गेलेला असून त्याच्यावर ३०० न्यूटनचा दाब असेल, तर कोपर परत ढकलण्यास घर्षणाव्यतिरिक्त सुमारे २१ न्यूटन, म्हणजे दोन किलोग्रॅमहून थोडे अधिक वजनाइतके बल पुरते. तळहाताचा एक ठोसा खालून दिला की टप सुटतो.

'एस' आकाराचे प्रयोजन

वक्र आकारामुळे सांध्याला बळकटी येते, असा समज आढळतो. यांत्रिकीच्या दृष्टीने तो बरोबर नाही. सांध्याचे वर्तन तीन खिळींच्या केंद्रांच्या स्थानांवर अवलंबून असते. त्यांच्यामधील लोखंड सरळ आहे की वळणदार, याने कुलूप लागण्यात फरक पडत नाही. उलट वक्र भागावर दाबाबरोबर वाकवणारा परिणामही होतो. ३०० न्यूटनच्या दाबाखाली पट्टी सरळ रेषेपासून २० मिलिमीटर बाजूला गेलेली असेल, तर त्या ठिकाणी ६ न्यूटन-मीटरचे वाकवणारे आघूर्ण निर्माण होते. त्यामुळे वक्र सांधा तितक्याच भारासाठी सरळ सांध्यापेक्षा जाड करावा लागतो.

तथापि 'एस' आकाराची एक सोय आहे. या अक्षराचे दोन अर्धे भाग मध्यबिंदूभोवती सममित असतात. त्यामुळे दोन्ही टोकांना जोडणारी सरळ रेषा बरोबर मधल्या खिळीतून जाते आणि वळण देऊनही कार्यतत्त्व अबाधित राहते. गाडीच्या बाजूचा बाक आणि कमानींची गोलाई यांच्याशी हे वळण मेळ खाते. म्हणजे आकार शोभेसाठी निवडलेला, पण यंत्राला बाधा न आणणारा असा होता.

निर्मिती व निगा

घोडागाड्यांच्या काळात हे सांधे घडीव लोखंडाचे असत. गाडी बनवणाऱ्या कारखान्यातील लोहार ते ठोकून घडवत, खांदे कानशीने घासून जुळवत आणि उजवी-डावी अशी जोडी तयार करत. त्यांवर काळे रोगण चढवत, चामडे मढवत किंवा पितळ व चांदीचा मुलामा देत. एकोणिसाव्या शतकात टपाच्या सांध्यांमधील सुधारणांसाठी अमेरिकेत अनेक पेटंटे घेतली गेली.

सांध्यात होणारे दोन दोष परस्परविरुद्ध आहेत. खांदे झिजले, की सांधा ठरल्यापेक्षा अधिक पलीकडे जातो. टप सुटत नाही, पण ढिला पडतो व खडखडतो. याउलट खांद्यांमध्ये गंज, चिखल किंवा रंगाचे थर साचले, तर सांधा सरळ रेषा ओलांडतच नाही. हा दोष अधिक धोक्याचा आहे, कारण टप वरवर उभा दिसतो, परंतु त्याला कुलूप लागलेले नसते. खांदे खिळीच्या केंद्रापासून १० मिलिमीटरवर असतील आणि दोन्ही भागांमध्ये मिळून ४ अंशांचा पलीकडचा कोन अपेक्षित असेल, तर केवळ ०.७ मिलिमीटर जाडीचा थर तो कोन पूर्णपणे नाहीसा करतो. म्हणून सांधे रंगवताना खांद्यांचे पृष्ठभाग मोकळे ठेवणे व खिळींना तेल देणे आवश्यक ठरते.

टप मिटताना दोन्ही बाजूंचे सांधे एकाच वेळी सोडावे लागतात. एकच सोडल्यास कमान पिळली जाते. चामड्याचा टप दीर्घकाळ मिटलेला ठेवल्यास घड्यांवर चिरा पडतात आणि चामडे आकसल्यास सांधे पुन्हा सरळ होत नाहीत.

बोटे सापडणे हा कोपर-सांध्याचा अंगभूत धोका आहे. ज्या फायद्याने चामडे ताणले जाते, त्याच फायद्याने दोन भागांमध्ये आलेले बोट चिरडले जाते. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख घडीच्या बाबागाड्यांच्या सांगाड्यावरील बिजागऱ्यांसाठी संरक्षक आवरणे पुरवावी लागली, कारण त्यांत मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. या बिजागऱ्या टपाच्या नसल्या, तरी धोक्याचे स्वरूप तेच होते.

मोटारगाड्यांतील वापर

सुरुवातीच्या मोटारींच्या बैठका घोडागाड्या बनवणारे कारागीरच तयार करत. त्यामुळे टपाचा सांधाही मोटारींवर आला. दोन महायुद्धांदरम्यानच्या उघडझाप टपाच्या अनेक मोटारींवर बाहेरून दिसणारे 'एस' सांधे होते. उघडा टप असलेली गाडी ऐटीची मानली जाई. म्हणून न मिटणाऱ्या पक्क्या छतावर चामडे मढवून बाजूला नकली सांधे लावण्याची पद्धतही सुरू झाली. फ्रान्समध्ये अशा गाड्यांना 'खोटी कॅब्रिओले' या अर्थाचे नाव होते.

टप उचलणारी यंत्रणा पुढे आत लपवली गेली आणि खरा सांधा दिसेनासा झाला. नकली सांधा मात्र टिकला. फोर्ड कंपनीने १९६२ मध्ये थंडरबर्ड मोटारीचा लँडो नावाचा प्रकार आणला. त्याचे छत पोलादी व पक्के होते. त्यावर व्हिनाइलचे आवरण आणि मागील खांबांवर 'एस' आकाराच्या शोभेच्या पट्ट्या होत्या. अमेरिकेतील शववाहिकांच्या बंद बाजूंवर अशा पट्ट्या विसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाल्या आणि आजही त्या शववाहिकेची खूण समजल्या जातात.

खरा व नकली सांधा ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या सांध्याच्या मध्यभागी फिरणारी खीळ व खांदे असतात आणि त्याची टोके टपाच्या हलत्या भागाला जोडलेली असतात. नकली पट्टीच्या मध्यभागी बहुधा खिळीचा आभास देणारी गोल चकती असते.

सद्यःस्थिती

घडीच्या टपाच्या लँडो गाड्या आज प्रामुख्याने समारंभांत दिसतात. ब्रिटिश राजघराण्यासाठी १९०२ मध्ये बांधलेली स्टेट लँडो १९८१ मध्ये चार्ल्स व डायना यांच्या आणि २०११ मध्ये विल्यम व कॅथरीन यांच्या विवाहानंतरच्या मिरवणुकीत वापरली गेली. इंग्लंडमधील ब्लॅकपूल येथे किनाऱ्यावर पर्यटकांसाठी लँडो चालतात.

महाराष्ट्रात घडीच्या टपाची सर्वपरिचित गाडी म्हणजे मुंबईची व्हिक्टोरिया. हिच्या मागील आसनावर एकच घडीचा टप असे. पावसात व उन्हात तो उभारत, संध्याकाळच्या फेरफटक्याला मिटत. १९७२ च्या 'व्हिक्टोरिया नंबर २०३' या हिंदी चित्रपटाच्या नावातही हीच गाडी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हौशी फेरफटक्यासाठी घोड्यांच्या गाड्या चालवणे बेकायदेशीर ठरवले आणि त्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. २०२१ मध्ये त्याच धर्तीच्या, विजेरीवर चालणाऱ्या गाड्या सुरू करण्यात आल्या.

समान तत्त्वाची इतर साधने

सरळ रेषेजवळ रेटा वाढवण्याचे तत्त्व इतर यंत्रांतही वापरले जाते. लंडनमध्ये सुमारे १८२० मध्ये तयार झालेले ॲल्बियन हे हातछपाईचे यंत्र आणि अमेरिकेत १८५८ मध्ये पेटंट मिळालेले ब्लेक यांचे दगडफोडी यंत्र ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. सरळ रेषा ओलांडून लागणारे कुलूप घडीच्या मेजांच्या पायांमध्ये, घडीच्या शिडीच्या आडव्या पट्ट्यांमध्ये आणि कारखान्यांतील पकड-शिकंज्यांमध्ये आढळते. मेजाचा पाय उघडताना पट्टी शेवटी 'खट्' असा आवाज करून बसते, तो तिचे खांदे थांब्यावर टेकल्याचा आवाज असतो.

हे सुद्धा पहा

घोडागाडी
व्हिक्टोरिया (घोडागाडी)
बिजागरी
तरफ
बाबागाडी