न खेळता जिंकलेला सामना

विश्वचषक फुटबॉलचे सामने सुरू झाले, की आपल्या घरातली मुले रात्र-रात्र टीव्हीसमोर बसतात. सेनेगल, नायजेरिया, मोरोक्को ही नावे त्यांना तोंडपाठ असतात. पण या देशांसाठी त्या मैदानाचे दार कसे उघडले, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. ती हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

आफ्रिकेतून विश्वचषकात सर्वप्रथम खेळला तो इजिप्त, १९३४ साली. त्यानंतर तब्बल ३६ वर्षे आफ्रिकेचा एकही संघ तेथे दिसला नाही. तेथे खेळाडू नव्हते का? होते. पण बहुतेक देश गुलामीत होते, आणि गुलामाचा संघ कोण मोजतो?

१९५७ साली सुदानमधील खार्टूम येथे आफ्रिकी फुटबॉल महासंघाची स्थापना झाली. इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका हे चार संस्थापक देश. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचे राज्य होते. गोरे आणि काळे खेळाडू एकाच संघात खेळवायला तिने नकार दिला. उरलेल्या तिघांनी तिला बाजूला ठेवले आणि आफ्रिका चषकाची पहिली स्पर्धा तीनच देशांत झाली. महासंघ अजून पाळण्यात होता, पण ताठ मानेने उभा राहिला.

सोळा जागांची वाटणी

खरी कसोटी पुढेच होती. इंग्लंडमध्ये १९६६ साली होणाऱ्या विश्वचषकासाठी 'फिफा' या जागतिक संघटनेने १६ जागांची वाटणी केली. यजमान इंग्लंडसह युरोपला १०, गतविजेत्या ब्राझीलसह दक्षिण अमेरिकेला ४, उत्तर व मध्य अमेरिकेला १. आणि आफ्रिका, आशिया व ओशनिया या सर्वांना मिळून उरलेली १! म्हणजे आफ्रिकेत अव्वल ठरलेल्या संघाने पुन्हा दुसऱ्या खंडाच्या विजेत्याशी झुंजायचे, तेव्हा कुठे इंग्लंडची वाट दिसायची. शिवाय वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरची बंदी 'फिफा'ने १९६३ साली उठवली होती, तीही जखम ताजी होती.

घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या राजवटीत क्रीडा खाते सांभाळणारे ओहेने जान यांनी या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला. इथिओपियाचे टेसेमा त्यांच्या जोडीला उभे राहिले. आफ्रिकेला स्वतःची एक जागा द्या, एवढीच मागणी होती. ती फेटाळली गेली, तेव्हा आफ्रिकेच्या १५ देशांनी स्पर्धेवर बहिष्कार टाकला.

वाचकहो, याची किंमत लक्षात घ्या. घानाचा संघ तेव्हा ऐन भरात होता. १९६३ आणि १९६५ असे दोन्ही आफ्रिका चषक त्याने जिंकले होते. खेळाडूच्या आयुष्यात उमेदीची वर्षे किती? त्या पिढीने ती पुढच्यांसाठी दिली. घानाला विश्वचषकात पाय ठेवायला २००६ साल उजाडावे लागले.

आणि १९६६ च्या त्या स्पर्धेत सर्वाधिक ९ गोल कोणी केले? युसेबिओने! मोझांबिकमध्ये जन्मलेला हा आफ्रिकेचा पुत्र पोर्तुगालच्या झेंड्याखाली खेळत होता, कारण त्याचा देश पोर्तुगालच्या ताब्यात होता. आफ्रिकेचे पाय चालत होते, आफ्रिकेचे नाव चालत नव्हते.

बहिष्काराचे फळ

बहिष्कार वाया गेला नाही. १९६४ सालीच 'फिफा'ला दक्षिण आफ्रिकेवर पुन्हा बंदी घालावी लागली. १९७० च्या विश्वचषकात आफ्रिकेला हक्काची जागा मिळाली आणि मोरोक्को मैदानात उतरला. १९७८ साली ट्युनिशियाने मेक्सिकोला ३-१ असे हरवून आफ्रिकेचा पहिला विजय नोंदवला. १९८२ साली अल्जीरियाने बलाढ्य पश्चिम जर्मनीला २-१ ने लोळवले. पुढे पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांचा शेवटचा सामना असा झाला, की एका गोलानंतर दोघांनी जणू खेळणेच सोडले. त्या निकालाने दोघेही पुढे गेले आणि अल्जीरिया बाहेर पडला. पण त्या लाजिरवाण्या प्रकारामुळेच गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळवण्याचा नियम आला.

१९९० साली कॅमेरूनने विश्वविजेत्या अर्जेंटिनाला हरवले आणि ३८ वर्षांच्या रॉजर मिलाच्या गोलांनी जग वेडे झाले. त्यानंतर १९९४ साली आफ्रिकेला ३ जागा मिळाल्या, १९९८ साली ५. २०२६ च्या ४८ संघांच्या स्पर्धेत थेट ९ जागा आफ्रिकेच्या वाट्याला आल्या. एका जागेसाठी सुरू झालेल्या लढ्याचे हे फळ!

२०२२ साली कतारमध्ये मोरोक्कोने पोर्तुगालला १-० ने नमवले आणि आफ्रिकेचा संघ प्रथमच उपांत्य फेरीत गेला. सामना संपल्यावर सोफियान बुफाल आपल्या आईला मैदानात घेऊन आला आणि मायलेक नाचले. त्याच संघातल्या अश्रफ हकीमीची आई स्पेनमध्ये लोकांच्या घरची साफसफाई करून मुलांना वाढवत होती.

मुलांना हा नाच जरूर दाखवा. आणि दाखवताना १९६६ साली घरी बसलेल्या त्या खेळाडूंचीही आठवण सांगा. त्यांच्या नावावर त्या स्पर्धेत एकही गोल नाही. पण आमच्या मते आफ्रिकेचा सर्वांत मोठा सामना त्यांनीच जिंकला.